आधी रांधणारीचं पान

"सोशीक," भीमाचार्यकाका म्हणाले, आणि माझं डोकं सणकलं.

आईचा तेरावा दिवस होता. बेंगळुरूच्या येलहंक्याचं आमचं घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि बाबांचे हे चुलतभाऊ उभे राहून बोलत होते. अनुसूया म्हणजे गरीब गाय. सगळ्यांना पोटभर वाढायची, उरलंसुरलं आपण खायची. अठ्ठ्याऐंशी वर्षांत तोंडातून ब्र काढला नाही!

साफ खोटं. उरलंसुरलं ती खायचीच नाही. घरात इतकी वर्षं जे रामायण झालं, ते त्यावरूनच तर झालं.

आई मूळची आनेकलची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. बोलण्यात निम्मं कन्नड शिरलं, पण पंगतीचा नियम कुणी हलू दिला नाही: पुरुष आधी, बायका शेवटी. सणाला पहाटेपासून चुलीपुढे राबलेल्या बायकांच्या भातावर दुपार कलल्यावर हुळी पडायची. हुळी म्हणजे आमची भाज्या घातलेली आंबट डाळ. तोवर ती पाणी घालून घालून वाढवलेली असायची. माझा थोरला भाऊ अण्णा पोटात असताना अशाच एका सणाला आईला घेरी आली. शुद्धीवर आली तर आजी उशाशी उभी. म्हणाली, "बायकांनी सोसायचं असतं."

पुढच्या सणाला आईनं सगळा स्वयंपाक केला, देवाला नैवेद्य दाखवला, आणि स्वयंपाकघराच्या दारात, चारचौघांना दिसेल असं, स्वतःचं पान मांडून जेवायला बसली. बाहेर पुरुष खोळंबले. आजी कडाडली. आई तोंडातला घास गिळून म्हणाली, "देवाचं झालं. आता रांधणारीचं. मग तुमचं."

आजीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. गल्लीनं आईला उर्मट ठरवलं, नवऱ्याला मुठीत ठेवलंय म्हणून नावं ठेवली. बाबा बिचारे दारातून एवढंच म्हणाले, "स्वल्प लवकर आटप गं." ती म्हणाली, "घाईनं खाल्लं की बाधतं."

त्या दिवसापासून ती रोज आधी जेवली. आणि आमच्यासाठी काय कमी केलं तिनं? अण्णाच्या विषमज्वरात त्याच्या उशापासून हलली नाही. तीच आजी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं हगणंमुतणं आईनंच काढलं, तेही कपाळाला आठी न घालता. "भरल्या पोटी माया आटत नाही," म्हणायची. ज्यांना उपाशी आईच तेवढी थोर वाटते, त्यांनी हे नीट ऐकावं.

तिला सल होता तो एकच. पद्मजावहिनी, म्हणजे अण्णाची बायको, घरात आल्यापासून आई रोज शेजारी दुसरं ताट मांडायची. "पद्मजा, ये, बस." वहिनीचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही बसा आई, मी नंतर." शेवटच्या आजारात आई मला म्हणाली, "माझ्या तेराव्याला बायका आधी बसू देत. बघशील ना आसावरी?" मी हो म्हटलं होतं.

ब्राह्मणांची पानं उठली. घरच्या पंगतीसाठी पुरुष सवयीनं सरसावले. मी आडवी झाले.

"थांबा. ब्राह्मणांचं झालं. आता बायका. आईची इच्छा होती."

"असं चालत नाही, आसावरी," काका म्हणाले. "आजच्या दिवशी तरी शोभतं का हे?"

"या घरात कित्येक वर्षं चाललंय, काका. तुम्हीच तेवढे विसरलात."

अण्णा मान खाली घालून उभा. मी ओळीतलं पहिलं पान सोडून दुसऱ्यावर बसले. मागून कुणी येईना. चुलत्या पदर सावरत भिंतीला टेकलेल्या. इंदिरानगरच्या मोठ्या ऑफिसात दहा माणसांवर हुकूम चालवणारी माझी भाची शलाकासुद्धा मोबाईलात डोकं खुपसून उभी. मला लाज नाही वाटली, संताप आला. इतकी वर्षं आई हट्टानं आधी जेवली, आणि शेवटी काकांची ती गरीब गायच तेवढी मागे उरणार होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पद्मजावहिनी बाहेर आली. तिनं पदराला हात पुसले, कुणाकडे न बघता चालत आली आणि पहिल्या पानावर बसली.

"पद्मजा!" काका ओरडले.

वहिनीनं पानावर पाणी शिंपडलं. "आई रोज बोलवायच्या, काका. मी रोज नंतर म्हणत राहिले." ती उठली नाही. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "वाढता ना?"

अण्णानं जन्मात कधी वाढलं नव्हतं. त्यानं आचाऱ्याच्या हातातून बादली घेतली, वाकला, आणि निम्मी हुळी पानाबाहेर सांडली.

"अजून वाढा," वहिनी म्हणाली.

भिंतीकडच्या बायका हलल्या. शलाकानं मोबाईल पर्समध्ये टाकला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. अण्णा माझ्या पानाशी आला. मी भात कालवला, पहिला घास घेतला, आणि तेरा दिवस अडलेलं रडू तिथंच, पंगतीत, फुटलं.

हुळी घट्ट होती.