शिबिराची पिशवी

बोईसरच्या बाजारात डोळे तपासून चष्मे देणाऱ्या त्या गृहस्थांचं बोलणं इतकं गोड, की रागवायचीही सोय नव्हती. काचेवर फुंकर मारून ती सदऱ्याला पुसत ते आईला तीन वर्षं एकच सांगत आले, “नंबर वाढलाय मावशी, दुसरं काय नाय.”

दरवर्षी नवं शिकायला ते मुंबईच्या शिबिराला जात. हजेरीची सही करून, जेवून, भेट मिळालेली रेक्झिनची पिशवी घेऊन दुपारच्या गाडीने परत. हे स्वतःच हसत सांगत. त्यातलीच एक पिशवी त्यांनी आईला सुके बोंबील न्यायला दिली.

मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, तोवर काचबिंदूने आईचे दोन्ही डोळे गेले होते.

एकदा पिशवीवरच्या उठावाच्या अक्षरांवर बोटं फिरवत तिने विचारलं, “काय लिवलंय रे यावर?”

लिहिलं होतं, ‘काचबिंदू वेळीच ओळखा’.

“दुकानाचं नाव हाय,” मी म्हणालो.