अण्णा आणि पलीकडचा काठ

प्रवासाहून आलं की डबे घासून होतात, कपडे वाळतात, पण गोष्टी काही संपत नाहीत. आमच्या चौघांच्या तर इतक्या साठल्यात की घरी चहाला कोणी आलं की एखादी सांडतेच. चौघं म्हणजे हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान असलेले अण्णा, त्यांची बायको अक्का, आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझा नवरा, आणि मी, धारवाडात इतिहास शिकवणारी मास्तरीण.

दरवर्षी दिवाळी झाली की आम्ही घाट उतरायचो आणि कारवार ते होन्नावर एकेक खाडी, एकेक जुनं गाव बघायचो. ही टूम अक्काची. तिचं माहेर काळी नदीच्या मुखाशी, कारवारच्या पलीकडच्या काठावर. तेव्हा पूल नव्हता, होडीनं जावं लागायचं. आणि अण्णा लहानपणी तळ्यात बुडता बुडता वाचलेले, ते होडीत बसायला तयार नाहीत! लग्न हुबळीतच लागलं होतं, त्यामुळे इतकी वर्षं झाली तरी जावयानं सासुरवाडीचा उंबरा पाहिला नव्हता. अक्काच्या वडिलांचे गुडघे गेलेले, त्यांना इकडे येववत नव्हतं. त्यांचा दरवर्षी एकच निरोप यायचा, की डोळे मिटायच्या आत जावईबापूंना माझ्या दारात बघू दे.

*

पहिल्या वर्षी अण्णांनी सामान किती घ्यावं! कडक भाकरीचे दोन डबे, शेंगांची चटणी, पेढे आणि हुबळीच्या नळाच्या पाण्याचा एक मोठा कॅन. समुद्राकाठी सगळं खारंच असणार, हा त्यांचा हिशेब. अंकोल्याजवळ एका घरी आम्ही सावलीला टेकलो. घरच्या बाईंनी विहिरीचं पाणी दिलं. समुद्र शंभर पावलांवर आणि पाणी शहाळ्यासारखं गोड! अण्णा तीन तांबे प्यायले. मग कॅनकडे बघून ओशाळले आणि गुपचूप उठून ते सगळं पाणी त्या बाईंच्या अबोलीला घालून आले.

*

दुसऱ्या वर्षी अघनाशिनीच्या काठावर वकीलसाहेबांनी केस लढवली. नावाडी म्हणाला, आता नदी डोंगराकडे वाहील. हे म्हणाले, शक्यच नाही, नदी डोंगरातून येते, डोंगरात जात नाही. आम्ही पठारावरची माणसं, भरती पुस्तकात वाचलेली. ह्यांचा युक्तिवाद चांगला वीस मिनिटं चालला. तेवढ्यात काठावर काढून ठेवलेल्या ह्यांच्या चपला पाण्यावर तरंगल्या आणि निघाल्या डोंगराकडे!

"साहेब," नावाडी म्हणाला, "पुरावा चालला." आणि स्वतःच पाण्यात उतरून त्यानं दोन्ही चपला आणून दिल्या. ह्यांनी त्याला हात जोडले. कोर्टात कधी कोणाला जोडलेले मी पाहिले नाहीत.

*

माझीही फजिती सांगते, नाहीतर म्हणाल नवऱ्याचीच काढते. मिरजानच्या किल्ल्यात मी बुरुजावर चढून अर्धा तास बोलले, तेही कानडीत. मिरीची गलबतं कशी लागायची, खाडीतून माल कसा यायचा, सगळं हातवारे करून. गवत कापणारी एक आजी विळा बाजूला ठेवून मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "छान सांगितलंत हो बाई. फक्त नदी मागच्या बाजूला आहे."

मग तिनंच आम्हाला माडांमधून खाडीपर्यंत नेलं, शहाळी फोडून दिली आणि तिच्या आजोबांनी पाहिलेल्या होड्यांबद्दल सांगितलं. मी वर्गात आजही किल्ला शिकवते तो तिच्या शब्दांत.

*

होन्नावरला आम्ही तिघं शरावतीत फिरून आलो. अण्णा नेहमीसारखे काठावर, छत्री घेऊन. येऊन बघतो तर भोवती दहा-बारा कोळी, आणि अण्णा त्यांच्या शिडाचं कापड बोटांत चोळून ते कुठे फाटणार हे सांगतायत! हुबळीला गेल्यावर त्यांनी आठवणीनं जाड कापडाचं एक ठाण पाठवलं. पुढच्या वर्षी पोतंभर नारळ आले.

आम्ही हसलो खूप. अक्का मात्र त्या दिवशी होडीत काठाकडे पाठ करून बसली होती.

*

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही कारवारला काळीच्या काठी आलो. ओहोटी होती. अक्काच्या ओळखीच्या नावाड्याची होडी कोरड्या वाळूवर टेकलेली, वर माडाच्या झापांची सावली. अक्का म्हणाली, उन्हात कशाला, होडीत बसून जेवू या. अण्णांनी चारी बाजूंनी बघून घेतलं. पाणी लांब होतं. बसले. भाकरी झाली, दहीभात झाला, पेढे झाले. अक्का आग्रह करकरून वाढत होती. अण्णांना जेवणावर डुलकी लागली.

जागे झाले तेव्हा होडी हलत होती आणि काठ पन्नास हात मागे! अण्णा घाबरले की कानडीत जातात. "ब्याड, ब्याड!" म्हणजे नको, नको, करत त्यांनी माझ्या नवऱ्याचा दंड धरला.

"बसा स्वस्थ," अक्का म्हणाली. "मी ह्याच पाण्यावर वाढलेय."

पलीकडे अक्काच्या निरोपावरून तिचे म्हातारे वडील काठी टेकून उभे होते, हातात पितळी तांब्या. जावयाचे पाय धुवायला एकोणीस वर्षं घासून ठेवलेला. होडी काठाजवळ थांबली, गुडघाभर पाण्यात. अण्णा डोळे मिटून म्हणाले, होडी वाळूला टेकेपर्यंत मी उतरणार नाही. नावाडी म्हणाला, मग ओहोटी होईपर्यंत सहा तास बसा.

आम्ही समजावत होतो, तेवढ्यात पाणी कापल्याचा आवाज आला. म्हातारे काठी टाकून पाण्यात उतरले होते. पोरगी होडीतून उतरून पुढे झाली, तिलाही खांद्याला धरू दिलं नाही. होडीपाशी आले आणि म्हणाले, "पाय द्या, जावईबापू. उंबरा मी इथं आणलाय."

अण्णांनी डोळे उघडले.

"मामा, तुम्ही पाण्यात?" म्हणाले, आणि धाडकन उडी मारली.

दोघं एकमेकांना धरून काठावर चढले. म्हाताऱ्यांच्या हातून सुटलेला रिकामा तांब्या भरतीबरोबर डोंगराकडे वाहत गेला, आणि आमच्यापैकी कोणी त्याच्यामागे गेलं नाही.