पाणी आयाबाईनं ओतलं

ती माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मिशन दवाखान्यातल्या नर्सबाई म्हटलं की हल्ली जो तो 'आमच्या घरच्यासारख्या' म्हणतो. असतील. बोट धरून शाळेत नेलं ते मी. सातवीनंतर मी रंधा हातात घेतला म्हणून ती नर्सिंगला जाऊ शकली. केलेलं बोलून दाखवू नये म्हणतात. मी दाखवतो.

आमचा धर्मप्रांत यंदा पन्नास वर्षांचा झाला. शेजारच्या मोठ्या धर्मप्रांतातून तुकडा काढून आमचा वेगळा केला, तेव्हा चार फादर आणि एक बिशप एवढाच कारभार. बिशपना घर नव्हतं. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहायचे, आणि चादरी ठेवायच्या खोलीत मिस्सा, म्हणजे आमची उपासना, व्हायची. पेशंट खाटेवरूनच 'आमेन' म्हणायचे. पहिली वेदी माझ्या बापानं केली, आताच्या चर्चमधली मी. पण सगळ्यांना एक सल होता. पन्नास वर्षांत जेवढे फादर आले तेवढे बाहेरून. आमच्या धर्मग्रामातून एकही निघाला नाही. आता एक निघणार होता. डिकन झालेला, म्हणजे फादर व्हायला एकच पायरी बाकी. त्याची गुरुदीक्षा मुद्दाम सुवर्णमहोत्सवाच्या रविवारी ठेवलेली.

आणि तो माझ्या बहिणीच्या हातचा. एकोणतीस वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात जन्मला, निळा पडलेला. फादर गावोगाव फिरतीवर. जीव जात असेल तर कोणीही बाप्तिस्मा द्यावा, असा आमच्यात नियमच आहे. तिनं तो दिला, वर जीवही वाचवला. रजिस्टरात सही तिचीच. मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की बायको म्हणते, तुम्हीच बाळंत झाला होतात वाटतं.

गुरुवारी मी चर्चमध्ये रविवारसाठी चौथरा ठोकत होतो. बहीण ड्युटीच्या कपड्यांतच आली आणि माझे खिळे निवडायला बसली. मोठे वेगळे, छोटे वेगळे. मग सगळे परत एकत्र केले. परत निवडायला लागली. मी म्हटलं, काय गं, दवाखाना सोडून माझ्याकडे लागलीस की काय कामाला.

तिनं खिशातून एक पत्रक काढलं. बिशप हाऊसमधून आलेलं, नव्या नर्सना समजावून सांगायला. त्यात लिहिलं होतं, जो पाणी ओततो त्यानंच बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे. एकानं ओतलं आणि दुसऱ्यानं म्हटले तर तो बाप्तिस्मा होत नाही.

"पाणी आयाबाईनं ओतलं होतं, दादा," ती म्हणाली.

हिच्या एका हातात बाळ, दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या छातीवर, दाब देत. सोडली तर संपलं. मग आयाबाईनं वाटीतलं पाणी ओतलं आणि हिनं शब्द म्हटले. दवाखान्यात सगळीच कामं वाटून घेतात, तसं हेही वाटून घेतलं. 'मी दिला' म्हणून सही केली, कारण तिला तसंच वाटत होतं.

पायाच नाही तर वरची भिंत कसली, हे सुताराला शिकवायला नको. बाप्तिस्मा नाही तर तो डिकन नाही, आणि फादर तर होऊच शकत नाही. तरी मी म्हटलं ते म्हटलंच. आयाबाई वारली, बाकी कोणाला ठाऊक नाही, गप्प बस. तुझे हात अडकले होते हे देवाला दिसलं नसेल का?

"देवाशी माझं भांडण नाही रे," ती म्हणाली. "उद्या तो कुणा मरणाऱ्याची पापं सोडवायला जाईल, आणि त्याच्या हातात काहीच नसेल. तो मरणारा कुणाला विचारेल?"

शुक्रवार तिनं कसा काढला ते मी पाहिलं. एकच युनिफॉर्म तीनदा इस्त्री केला. चहाचं आधण ठेवलं आणि विसरली, भांडं करपलं. बिशप हाऊसच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन परत आली. वॉचमन म्हणे, बाई, काही पडलंय का तुमचं? मीही कमी नव्हतो. चौथऱ्याची एक फळी दोनदा चुकीची कापली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

शनिवारी दुपारी ती फाटकातून आत गेली. मी मागोमाग. बिशप, डिकन आणि त्याची आई रविवारचाच बेत करत बसले होते. बहिणीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बिशपनी दोनदा विचारलं, पाणी कोणी ओतलं? दोन्ही वेळा तिनं तेच सांगितलं. डिकन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची आई उठली.

"तेव्हा वाचवलंस म्हणून पाया पडले होते तुझ्या," ती म्हणाली. "आज का मारतेस?"

बहीण जागची हलली नाही. बिशप म्हणाले, मिस्सा होईल, गुरुदीक्षा होणार नाही. आधी बाप्तिस्मा, उद्या सकाळी. मग परत डिकन, मग फादर, त्या परवानग्यांचं मी बघतो.

रविवारी सकाळी सहाला रिकाम्या चर्चमध्ये आम्ही पाचच माणसं. बिशपनी स्वतः पाणी ओतलं, स्वतः शब्द म्हटले, एकेक, सावकाश. त्याआधी त्यांनी विचारलं होतं, धर्ममाता कोण, बाप्तिस्म्याला याच्याजवळ कोण उभी राहणार? डिकन वळला आणि त्यानं माझ्या बहिणीला हात केला. आई पहिल्या बाकावर तशीच बसून राहिली, आमच्याकडे बघेना. मग पाणी त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरायला लागलं, आणि टॉवेल कोणी आणलाच नव्हता. बहीण रुमाल शोधत होती. तेवढ्यात आई उठून आली आणि पदरानं त्याचं डोकं पुसायला लागली.

"जरा सरक," एवढंच ती माझ्या बहिणीला म्हणाली.

बहीण सरकली.