कडेला बसणाऱ्यांचा कर्णा

आमचे साडू माणसाचं वय पाहत नसत, हुद्दा पाहत नसत, शहाणपण तर मुळीच पाहत नसत. माणूस कर्ण्यापासून किती तिरका बसला आहे, एवढंच पाहत. त्यांच्या लेखी मनुष्यजातीचे दोनच भाग होते. एक कर्ण्याच्या तोंडासमोर बसणारा आणि दुसरा कडेला बसणारा. पहिल्याला शब्द ऐकू येतात आणि दुसऱ्याला नुसता घुमारा. आणि जगातले बहुतेक गैरसमज, भांडणं आणि ठराव या घुमाऱ्यातूनच होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर. माझ्या वर्गातली कोपऱ्यात बसणारी मुलं नापास का होतात, याचाही त्यांनी याच मार्गाने उलगडा केला होता, आणि तो मला इतका सोयीचा वाटला की मी त्यावर कधी वाद घातला नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कामशेतजवळ इंद्रायणीकाठच्या एका गावात त्यांचं घर होतं आणि कामशेतच्या बाजारात तांदळाचा व्यापार. व्यापार म्हणायचा खरा, पण तो तराजूच चालवत असे. मालकाचं लक्ष दुसरीकडे असे. तंबूत सिनेमा दाखवणारा एक फिरता गृहस्थ एकदा मावळात येऊन बुडाला. जाताना त्यानं आपला ध्वनीचा सगळा संसार साडूंच्या गळ्यात घातला आणि बदल्यात तांदळाची पोती घेऊन गेला. त्या संसारात धोतऱ्याच्या फुलासारखा एक लांबलचक कर्णा होता, एक मायक्रोफोन, आत काचेच्या नळ्या लुकलुकणारी एक पेटी आणि मोटारीची बॅटरी. ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या जरा आधीची. त्या काळी आमच्या भागात कर्णा म्हणजे हत्तीइतकी दुर्मीळ वस्तू, आणि पोसायला जवळजवळ तेवढीच जड. साडूंनी ती पोसली. सभा असो, कुस्त्या असोत की कीर्तन असो, ते कर्णा घेऊन हजर. वक्ता काय बोलतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. त्यांना फक्त ते कुठे पोचतं हे पाहायचं असे.

त्यासाठी ते सभा सुरू झाली की एक डोळा मिटून, मान वाकडी करून, श्रोत्यांच्या भोवती अर्धवर्तुळात चालू लागत. दर काही पावलांवर थांबत, ऐकत, हळहळत आणि पुढे सरकत. एकदा कीर्तनात त्यांची ही फेरी चालू असताना पाच-सहा म्हाताऱ्या उठून हात जोडून त्यांच्या मागोमाग चालायला लागल्या. त्यांना वाटलं, प्रदक्षिणा सुरू झाली. कीर्तनकारबुवांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी आख्यान मधेच आटोपून आरती सुरू केली. साडू मात्र म्हणाले, "बरं झालं. आरती घुमाऱ्यात चालते. आख्यानाला शब्द लागतात."

मायक्रोफोन तपासताना इतर लोक एक-दोन-तीन म्हणतात किंवा फुंकर मारतात. साडूंना ते पटत नसे. त्यांचं म्हणणं असं की आ, ऊ, ओ हे स्वर म्हणजे गावातली मोकाट गुरं, ते कुठेही जातात. पण स, श, च, ट ही अक्षरं मानी असतात. ती लांब कर्ण्यातून बाहेर पडली की नाकासमोर सरळ जातात, आजूबाजूला बघतसुद्धा नाहीत. म्हणून त्यांनी स्वतःचं एक वाक्य बनवलं होतं: "शिरगावच्या शिंप्यानं चार शेंगा सोलल्या." हे वाक्य त्यांनी इतक्या गावांत इतक्या वेळा म्हटलं होतं की मावळात पुष्कळांचा समज त्या शिंप्यावर काही खटला वगैरे चालू आहे असा झाला होता.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण त्यांच्याच गावात एक सभा झाली आणि हसू मावळलं.

गावात एक रावसाहेब होते. रावसाहेबांना दोन गोष्टी आवडत: स्वतःचं भाषण आणि त्यानंतरच्या टाळ्या. मुंबईच्या एका शेटजींना नदीकाठी हवापालटाचा बंगला बांधायचा होता आणि रावसाहेबांनी जागा दाखवली ती नेमकी बायकांच्या धुण्याच्या घाटावर. घाट ओढ्यापलीकडे, खडकाळ जागी हलवायचा, आणि त्याबद्दल शेटजी चावडीवर एक मोठा दिवा लावून देणार, असा बेत होता. सभा भरली. पुरुष समोर बसले आणि बायका रिवाजाप्रमाणे लांब कडेला, आंब्याखाली. रावसाहेब पुष्कळ बोलले आणि शेवटी त्यांनी विचारलं, "आमच्या माताभगिनींनाही हे मान्य आहे ना?" समोर टाळ्या पडल्या. त्या ऐकून आंब्याखालीही टाळ्या पडल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी बायका धुणं घेऊन गेल्या तर घाटावर काटेरी तारेचं कुंपण.

ताई, म्हणजे माझी मेव्हणी, घरी आल्या त्या ओल्या धुण्याचं नव्हे, कोरड्या धुण्याचं बोचकं घेऊन. मी त्या दिवशी तिथेच होतो. त्यांनी बोचकं साडूंच्या पुढ्यात आपटलं.

"तुम्हीच टाळ्या वाजवल्यात म्हणतात सगळे," साडू म्हणाले.

"वाजवल्या. आम्हाला काय ऐकू आलं सांगू? आ, ऊ, ओ, आणि मग टाळ्या. तुमचा कर्णा होता ना तो? मग आता तुम्हीच जा ओढ्यापलीकडे."

मी साडूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बायको संतापलेली, घाट गेलेला, आणि या गृहस्थाच्या डोळ्यांत चमक. "आ, ऊ, ओ," ते मला हळूच म्हणाले, "मास्तर, मी म्हणत होतो तसंच." पण मग त्यांचं लक्ष बोचक्याकडे गेलं आणि ती चमक विझली. ते उठले, बोचकं डोक्यावर घेतलं आणि खरंच ओढ्यापलीकडे गेले. तांदळाचा व्यापारी धुणं धुतो आहे हे पाहायला अर्धा गाव लोटला. परतले तेव्हा एक धोतर वाहून गेलं होतं, बोटांची सालं निघाली होती आणि गुडघा फुटला होता. संध्याकाळी ते गुडघ्याला फडकं बांधत बसले. शेवटी म्हणाले, "मास्तर, ती वाट म्हाताऱ्या बायांची नाही. आणि ती त्यांच्या गळ्यात मी बांधली."

तेव्हापासून घाट परत मिळवणं हा त्यांचा ध्यास झाला. गावातल्या भागामावशी या वयानं सगळ्यांत वडील आणि जिभेनं सगळ्यांत तरुण. त्यांनी रावसाहेबांकडे धरणं धरलं की आमाला पुन्हा एकदा समजावून सांगा. भाषणाची संधी रावसाहेबांनी आजवर कधी नाकारली नव्हती. भात कापून झालं की सभा घ्यायची ठरली.

साडू लोणावळ्याला माझ्याकडे येऊन राहिले. त्यांचा हिशेब सरळ होता: माणसं आडवी पसरून बसतात, तर कर्ण्याचं तोंडही आडवं पसरट हवं. बाजारातल्या रहीमभाईंनी पत्र्याचा तसा कर्णा करून दिला. त्याचं तोंड टपालपेटीच्या फटीसारखं होतं, फक्त ती पेटी हत्तीसाठी असावी.

"भाऊ, हे कर्णं हाय का सूप?" रहीमभाईंनी विचारलं.

"आवाज पाखडायचा आहे," साडू म्हणाले.

मैदानावर कर्णा आडवा ठेवून त्यांनी मला कडेला उभं केलं आणि शिंप्याच्या शेंगा सोलायला घेतल्या. मला ऐकू आलं ते पूर्वीइतकंच: आ, ऊ, ओ. मात्र टेकडीवर गुरं राखणाऱ्या एका आबांनी वरून ओरडून विचारलं, "शिरगावचा कोन शिंपी म्हनायचा?" आडव्या तोंडाचा कर्णा आवाज कडेला न पाठवता वर आणि खाली पाठवत होता. साडू खाली बसले. मी त्यांना चहा दिला. चहाही त्यांनी एक डोळा मिटून, मान वाकडी करून, ऐकल्यासारखा प्यायला.

सभेच्या दिवशी आम्ही बैलगाडीतून निघालो. कर्णा गाडीच्या साट्यात आडवा मावेना, म्हणून तो उभा करून दोरानं बांधला. कार्ल्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची झोडपणी चालू होती. बॅटरी नीट भरली आहे ना हे पाहायला साडूंनी पेटी सुरू केली आणि मायक्रोफोन हातात धरून माझ्याशी उदासपणे बोलत राहिले. "रावसाहेबांचं भाषण म्हणजे टच्च भरलेलं पोतं, मास्तर. सोडून पाहिलं तर कोंडा."

चांगलंच लांब, अगदी कडेच्या खाचरातून हसण्याची लाट आली. एक बाई हातातली पेंढी तशीच धरून ओरडली, "भाऊ, कोंडा कुनाचा म्हनला?"

साडूंनी गाडी थांबवायला लावली. घसा खाकरून त्यांनी शिंप्याचं वाक्य म्हटलं.

"चारच सोलल्या व्हय?" दुसऱ्या बाजूच्या खाचरातून आवाज आला. "बाकीच्या कुनी खाल्ल्या?"

साडू गाडीतून उतरले, उभ्या कर्ण्याकडे पाहिलं, मग दोन्ही खाचरांकडे, मग पुन्हा कर्ण्याकडे. "मास्तर," ते म्हणाले, "उलटं आहे. रुंद तोंडातून आवाज रांगेत निघतो. अरुंद फटीतून तो अंग चोरून बाहेर येतो आणि बाहेर आल्यावर हातपाय पसरतो. आपण याला आडवा निजवला होता. हा उभा राहायला हवा." मी इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण अंग चोरण्याबद्दल आमच्या पुस्तकात काही नव्हतं.

सभेत रावसाहेबांनी कर्णा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय उभं केलंय? फाटकाच्या फळीसारखं दिसतं. आडवं करा, शोभेल."

"आडवा केला तर आवाज आकाशात जाईल, रावसाहेब."

"जाऊ द्या. आकाशाला काही हरकत आहे का?"

रावसाहेबांचा माणूस दोर सोडायला पुढे झाला. साडू भित्रे गृहस्थ. गिऱ्हाईकानं भाव पाडला तर स्वतःच माफी मागणारे. पण ते जाऊन कर्ण्याच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून खाली बसले आणि तिथून म्हणाले, "आधी मला आडवा करा." सभेत हशा झाला. रावसाहेबांना भाषणाची घाई होती, त्यांनी नाद सोडला. साडू शेवटपर्यंत त्या खांबाला बिलगून बसले.

रावसाहेब बोलू लागले. घाट लांब गेल्यामुळे माताभगिनींना चालण्याचा व्यायाम घडेल, असं ते म्हणाले. खडकांवर कपडे अधिक स्वच्छ निघतात, असं म्हणाले. मागच्या सभेत माताभगिनींनी स्वखुशीनं होकार दिलाच होता, असंही म्हणाले, आणि टाळ्यांसाठी थांबले. समोर टाळ्या पडल्या. आंब्याखाली एक हात हलला नाही. सगळ्या बायका पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, एकटक रावसाहेबांकडे पाहत होत्या. समोरच्या टाळ्या चुकल्यासारख्या झाल्या, विरळ झाल्या आणि थांबल्या.

भागामावशी उठल्या. "रावसाब, समदं ऐकलं. येक इचारू का?"

"विचारा."

"बंगल्यातल्यांची कापडं कोन धुनार?"

"गावातल्याच बायका. शेटजी पैसे देतील."

"मंग त्या कापडं बंगल्यावरनं उचलून वड्यापल्याड न्हेनार, आन धुऊन वली पुन्हा बंगल्यावर आननार. बंगल्याम्होरंच नदी आसताना." त्या जरा थांबल्या. "व्यायाम बेस हुईल. पर शेटजींची धोतरं कवा वाळायची?"

शेटजींचे मुनीम व्यासपीठावरच बसले होते. त्यांनी रावसाहेबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं. पुढचं थोडक्यात सांगतो: घाट बाहेर ठेवून कुंपण मागे घ्यायचं ठरलं आणि घाटाकडची पायवाट मोकळी राहिली. या खेपेस आंब्याखालून टाळ्या आल्या, आणि समोरून नंतर.

अंधार पडायच्या आत लोक पांगले. बायका घोळक्यानं निघाल्या होत्या, मुनीमाची नक्कल करत, धोतरांवरून हसत, उद्या पहाटे घाटावर कोण आधी जाणार यावर वाद घालत. ताईही त्यांच्यातच होत्या. साडू दोर सोडत होते. मी वायरी गुंडाळत होतो.

"कर्ण्याबद्दल कुणी काही बोललं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुमच्या ताई?"

"त्या भागामावशींबद्दल बोलत होत्या."

"एक अक्षरही नाही?"

"नाही."

त्यांनी दोराची गुंडाळी गाडीत टाकली. "मग जमलं," ते म्हणाले. "शब्द पोचले की कर्णा कुणाला आठवतो."

त्यांनी हे म्हटलं अगदी मनापासून. तरी मैदानापासून घरापर्यंतच्या त्या एवढ्याशा वाटेत त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. दुसऱ्या खेपेस तर चालता चालता थांबलेच. त्या संध्याकाळी हवा इतकी शांत होती की कुणी हाक मारली असती, तर ती कुठेही ऐकू आली असती.