फोन लावण्याआधी

सुमित्राक्कांची बातमी मला माझ्याच टेबलावर कळली. गुरुवारी सकाळी कामावर आले आणि वरच्या वॉर्डातून फोन आला, पहाटेच गेल्या. ज्या हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये त्यांनी उभं आयुष्य काढलं, तिथेच त्या गेल्या... याला आता सहा आठवडे झाले.

मी पुण्याहून बंगळूरला आले आणि बसवनगुडीतल्या या हॉस्पिटलात थकलेल्या बिलांच्या कामाला लागले, तेव्हा अक्का माझ्या वरिष्ठ. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. वसुलीचा फोन करण्याआधी पेशंटची फाइल आणि बिल छापून घ्यायचं आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायचं, हा त्यांचा शिरस्ता. मला तो शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा. एकदा मी न वाचताच फोन लावला आणि पेशंटला बोलवा म्हटलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, त्यांना कालच नेलं. अक्कांनी रिसीव्हर काढून घेतला, उभ्या उभ्या कानडीत माफी मागितली आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. मृत्यूची नोंद सकाळीच फाइलमध्ये आली होती. माझी नोकरी जाणार, असंच मला वाटलं. अक्का एवढंच म्हणाल्या, "स्वल्प थांबायला काय झालेलं गं? पैसे मागणारानं आधी आपली चूक बघावी."

गेल्या सोमवारी माझ्या यादीत अक्कांचंच नाव आलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या यजमानांशी, अण्णांशी, बोलणं झालं नाही तर फाइल बाहेरच्या वसुलीवाल्यांकडे जाणार होती, आणि ती माणसं थेट दारात जातात. मला हॉस्पिटलचा राग आला, खरं तर अक्कांचाही आला. दुपार टळली तरी नंबर लावायला हात होईना. शेवटी बिल छापलं आणि बोट ठेवून वाचू लागले. खोलीचं भाडं शुक्रवारचंही लावलं होतं. साहेब म्हणाले, किरकोळ आहे, नंतर बघू, आधी फोन कर. मी ऐकलं नाही, त्यांच्यासमोर ठाण मांडून ती ओळ काढायला लावली. अक्का एक दिवस जास्त जगल्या होत्या, फक्त बिलात. तो दिवस खोडला गेला तेव्हा मला रडू आवरेना.

पाच वाजता फोन लावला. अण्णांनी आवाज ओळखला.

"बिल वाचलीस काय गं?"

"वाचलं, अण्णा. एक दिवस जास्तीचा लागला होता. काढला."

अण्णा म्हणाले, "सरी, बरं केलंस. आता सांग, किती द्यायचं."