अहो म्हणणारा राक्षस

राक्षसकाकांनी आयुष्यात कुणालाही ‘तू’ म्हटलं नव्हतं. बायकोला नाही, मुलीला नाही, चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर ऐसपैस पसरणाऱ्या मांजरालासुद्धा नाही. मांजर आडवं आलं की काका कमरेत वाकून म्हणायचे, “जरा सरकता का? गिऱ्हाईक आत येतंय.” मुलगी पाळण्यात भोकाड पसरायची तेव्हा दोरी ओढत म्हणायचे, “रडू नका हं, आई येतेय तुमची.” ती शाळेत जायला लागली, तेव्हा तिने मैत्रिणींना सांगून टाकलं की आमचे बाबा मला पाहुणी समजतात. काकांच्या आईचं मत याहून सरळ होतं. “याची जीभ इस्त्री होऊनच जन्माला आली,” ती म्हणायची, “चुरगळतच नाही मेली.”

घरात त्यामुळे कायमचा एक घोटाळा होता. ते बायकोला ‘अहो’ म्हणायचे आणि बायको त्यांना ‘अहो’ म्हणायची. दारावर आलेला भाजीवाला नुसतं “अहो” म्हणाला, तरी आतून दोघं एकदमच बाहेर यायचे आणि चौकटीत अडकायचे.

पण अशा या माणसाचा आवाज मात्र विहिरीच्या तळातून यावा तसा. काका दुकानाचे मालक नव्हते. डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून काचा बदलायचं काम त्यांच्याकडे होतं. “वरून तिसरी ओळ वाचा,” असं ते शक्य तितक्या मऊपणे म्हणायचे, तरी खुर्चीतलं गिऱ्हाईक पाठ ताठ करून, काही गुन्हा कबूल करावा तशी अक्षरं वाचायचं. मग काका घाईघाईने त्याची समजूत घालायचे, “अहो, घाबरू नका.” दिवसभरात हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की श्वास आणि ते वाक्य यांत फारसा फरक राहिला नव्हता.

त्याच वाक्याने त्यांना राक्षस केलं.

काका तेव्हा तरुण होते. परदेशातला एक भुताखेतांचा सिनेमा गावात येणार होता आणि तो आपल्या भाषेत करायचं काम दुकानामागच्याच गल्लीतल्या एका खोलीत चाललं होतं. खिडक्यांना गाद्या लावलेल्या, आत उकाडा. दलदलीतून चिखलाने माखलेला एक राक्षस निघतो, नायिकेला उचलतो आणि धुक्यात चालू लागतो, अशी गोष्ट. सगळ्या सिनेमात राक्षस फक्त गुरगुरतो. उचलताना तेवढं एक वाक्य बोलतो, ‘घाबरू नकोस.’ राक्षसाला आवाज देणाऱ्या नटाचा घसा नेमका त्या दिवशी बसला. काका तिथे दिग्दर्शकाचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला गेले होते. दारातून “येऊ का आत?” एवढंच म्हणाले, आणि खोलीतली सगळी माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

गुरगुरणं त्यांना झकास जमलं. मग पडद्यावर ती परकी बाई किंचाळली, काकांनी तिचे विस्फारलेले डोळे पाहिले आणि सवयीने, अगदी मनापासून, त्या खोल आवाजात म्हणाले, “अहो, घाबरू नका.”

पुन्हा घ्यायला ना वेळ होता, ना फीत. तसंच राहिलं.

पहिल्या खेळाला लोक आधी दचकले, मग हसले, मग पुन्हा दचकले. चिखल ठिबकणारा, दारात मावणार नाही असा राक्षस, आणि बाईला उचलताना म्हणतो, अहो, घाबरू नका! त्या राक्षसाला लोकांनी ‘चिखल्या’ नाव ठेवलं, आणि चिखल्या मग काही पडद्यावर राहिला नाही. दाताचा डॉक्टर पक्कड हातात घेतली की तेच म्हणायचा. पोहायला शिकवणारे मास्तर पोराला पाण्यात ढकलण्याआधी म्हणायचे. वाहतूक पोलीस शिट्टी मारून स्कूटर बाजूला घ्यायला लावायचा आणि वही काढताना म्हणायचा. मुलगी बघायला आलेल्या एका मुलाने पहिल्याच भेटीत हे वाक्य टाकलं, आणि तिने हसून होकार दिला म्हणतात. ‘चिखल्या’ असा शब्दच रूढ झाला. गोड बोलून काम लादणारा साहेब, हळूच टोचणारी नर्स, मान तुकवून घरात शिरणारी आणि महिनाभर न हलणारी आत्या, सगळे चिखल्याच. ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता, ते तर हे वाक्य जास्तच म्हणायचे.

काकांना या सगळ्याचा अभिमान होता, पण तो त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवावा तसा मिटून ठेवला होता. सिनेमा पुन्हा लागला की ते एकटेच जायचे, मागच्या रांगेत बसायचे. आपण गेल्यावरही आपला आवाज असा अधूनमधून धुक्यातून येत राहील, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बाकी मागे ठेवायला त्यांच्याकडे होतं काय? हजारो लोकांची नजर त्यांनी नीट केली होती, पण स्पष्ट दिसायला लागलं की चष्मा कुणी बसवला ते कोण लक्षात ठेवतं?

आणि अशात बातमी आली की जुन्या फितीवरचा आवाज पार खराब झालाय. चित्र धुऊनपुसून नवं केलंय, आवाज मात्र सगळा नव्याने भरायचा.

हे काम करणारी दिग्दर्शिका दुकानातच आली. काकांच्या मुलीच्या वयाची, केस आखूड, बोलणं भरभर.

“राक्षस तुम्हीच करायचा, काका. तसा आवाज दुसरा नाही. फक्त एक बदल आहे.”

“बोला ना.”

“ते ‘अहो’ काढायचं. मूळ वाक्य आहे ‘घाबरू नकोस’. लोक इतकी वर्षं त्या जागी हसतायत, काका. मला ते घाबरायला हवेत.”

काकांच्या हातातली काच चिमट्यातून निसटली. “मग दुसऱ्या कुणाला…”

“दुसरा आहे. तरुण आहे, नट आहे, तयार आहे. पण आधी तुम्हाला विचारते. पुढच्या आठवड्यात या, जमलं तर तुम्ही, नाही तर तो.”

घरी काकांनी हे सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “एवढंच ना?” ती म्हणाली. “जगात सगळे म्हणतात. म्हणा की ‘नकोस’.”

“न… नका.”

“नकोस.”

“नको…” काकांच्या कपाळावर घाम आला. “नको हं.”

“ही विनवणी झाली. तुम्ही मला उचलून नेताय, माझ्याकडे मीठ मागत नाही आहात.”

मग तालीम सुरू झाली. बायकोने कडक नियम केला: घरात मला ‘तू’ म्हणायचं, नाही तर मी ओ देणार नाही. पहिल्या दिवशी काका आंघोळीला गेले आणि टॉवेल बाहेरच राहिला. “अहो, टॉवेल!” बाहेर शांतता. “अहो, ऐकताय ना?” बाहेर फक्त कपबशीचा आवाज. बऱ्याच वेळाने दाराआडून कष्टाने आलं, “टॉवेल… दे.” बायकोने टॉवेल दिला. पण नंतर ती खिडकीपाशी जाऊन उगाचच बाहेर बघत उभी राहिली.

मुलीने फोनवर सगळं ऐकलं. “आई, बाबा तुला ‘तू’ म्हणाले? मला आधी म्हणायला हवं होतं त्यांनी, मी रांगेत पहिली होते!”

“तू गप. तुझा नंबर लागेल.”

हळूहळू जमायला लागलं. काका सकाळी “उठलीस?” म्हणायचे आणि स्वतःच दचकायचे. “दमलीस का?” म्हणायचे. पण घोळ असा झाला, की हे ‘तू’ जितकं सैल झालं तितकं ते मऊ होत गेलं. राक्षसाला हवा होता दगड; काकांच्या तोंडात साखर विरघळत होती. बायकोच्या ते लक्षात आलं, पण ती बोलली नाही. इतक्या वर्षांनी मिळालेली गोष्ट खरखरीत नाही म्हणून परत कोण देतं?

ठरल्या दिवशी दोघं स्टुडिओत गेले. आता गाद्या नव्हत्या. काचेची भिंत होती, थंडगार हवा होती. काचेपलीकडे दिग्दर्शिका, ध्वनीवाला, काकांची बायको, आणि कोपऱ्यात तो तरुण नट, गरज पडली तर म्हणून आलेला. त्याने काकांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. काका मागे सरकत म्हणाले, “राहू द्या, राहू द्या, बसा आपण.” दिग्दर्शिकेने कपाळावर हात मारला.

गुरगुरणं पहिल्या झटक्यात झालं. ध्वनीवाल्याच्या हातावर काटा आला. त्याने बाही वर करून सगळ्यांना दाखवला. मग पडद्यावर धुकं आलं, चिखलाचे हात आले, ती बाई किंचाळली.

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“परत घेऊ,” दिग्दर्शिका म्हणाली.

परत ती किंचाळली. परत काका गप्प.

“काका, अहो घरी जमलं होतं ना?”

“घरी जमतं,” काका माइकमध्ये म्हणाले. त्यांच्या आवाजाने काच थरथरली. “पण ते घरचं झालं. ही परकी बाई. हिची माझी ओळख नाही, पाळख नाही. हिला मी ‘नकोस’ कसं म्हणू? ते आता…” त्यांनी काचेपलीकडे बायकोकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घेतली. “ते आता एका ठिकाणी दिलंय.”

बायकोने पदराने चष्मा पुसायला घेतला. काच आधीच स्वच्छ होती.

“काका, ती बाई खरी नाहीये!”

“किंचाळते तर खरी.”

दिग्दर्शिकेने तरुण नटाकडे पाहिलं. नट उठला. काकांना ते काचेतून दिसलं. इतकी वर्षं मनाशी धरलेलं काहीतरी आता त्या पोराच्या हाती चाललं होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी समोरचं टेबल घट्ट धरलं. ते पाहून दिग्दर्शिका झटकन माइकवर वाकली, आणि तिच्या तोंडून, खोल आवाज काढून, अगदी त्याच चालीत निघालं:

“अहो, घाबरू नका!”

ध्वनीवाला खुर्चीसकट मागे झुकून हसायला लागला. नटही हसला. दिग्दर्शिकेने हाताने तोंड झाकलं.

“तुम्ही पाहिला होतात सिनेमा लहानपणी?” काकांच्या बायकोने विचारलं.

“नाही हो. आई म्हणायची. लस टोचायला नेलं की, अंधारात गेलं की.” ती थोडा वेळ पडद्यावर थिजलेल्या त्या चिखलाच्या हातांकडे बघत राहिली. “मला वाटायचं, हे आईचंच वाक्य आहे.” मग तिने नटाला बसायची खूण केली. “काका, तुमचं म्हणा. जसं आहे तसं म्हणा.”

काकांनी टेबल सोडलं. मान सरळ केली. धुकं आलं, हात आले, ती बाई किंचाळली. आणि विहिरीच्या तळातून, आठवडाभराची सगळी तालीम घेऊन, काका म्हणाले:

“अहो, घाबरू नकोस.”

त्यांनी लगेच जीभ चावली. “चुकलं. परत घ्या.”

दिग्दर्शिका डोळे मिटून ऐकत होती. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा एकदा लावायला सांगितलं. त्या वाक्यात एक अनोळखी माणूस अदबीने सुरुवात करत होता आणि तीन शब्दांत घरचा होत होता. हसू येता येता थांबत होतं.

“ठेवा हेच,” ती म्हणाली.

“अहो, पण व्याकरण…”

“राक्षस आहे, काका.”

सिनेमा लागला. गावातल्या शाळेच्या भाषेच्या बाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून निषेध केला, आणि पत्र छापणाऱ्या संपादकाने त्यावर मथळा दिला, ‘अहो, रागावू नकोस’. दाताच्या डॉक्टरकडे, पोहण्याच्या तलावावर, शाळेच्या मैदानावर नवं वाक्य जुन्याला ढकलत आत शिरलं. पोरं खेळता खेळता म्हणायला लागली, “अहो, पळू नकोस,” “अहो, बॉल दे.” काका दुकानात मात्र पूर्वीसारखंच ‘नका’ म्हणायचे. गिऱ्हाइकं थोडी हिरमुसायची.

मुलगी माहेरी आली तेव्हा काकांनी दारातच तिला “आलीस?” म्हटलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा बाहेर जाऊन परत आत आली, म्हणजे ते आणखी एकदा म्हणतील.

काकांची बायको आतून बघत होती. तिने कप भरला आणि हाक मारली, “अहो, चहा घे, गार होतोय.”

काकांनी कप घेतला.