तिसऱ्यांदा जायचं राहिलं

माझे बाबा एका दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि तोंडाचा पट्टा चालू. त्यांचं बोलणं ऐकायला गिऱ्हाइकं काम झाल्यावरही रेंगाळायची. "जीभ गोड आहे, पण तिला हाड नाही," असं आई म्हणायची.

त्यांच्या टेबलासमोर दुसरं टेबल होतं. तिथं बसणाऱ्याला ते आयुष्यभर 'समोरचा' म्हणत आले. बावीस वर्षं दोघांनी तेलाची एकच बाटली वापरली. स्प्रिंग उडाली की दोघंही गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायचे. समोरचा त्यांच्यापेक्षा सरस कारागीर होता, हे बाबाच सांगायचे.

एकदा चहाच्या वेळी मालकादेखत बाबा बोलून गेले, "समोरच्याच्या हाताला हल्ली भूकंप होतो. सेकंदकाटा बसवायला दिला तर मिनिटकाट्याला चक्कर येते." सगळे हसले. समोरचाही हसला. त्या आठवड्यात त्याचा हात खरंच थरथरत होता. बायको दवाखान्यात होती, तो धड झोपलेला नव्हता. पण मालकाच्या डोक्यात ते बसलं. भारी घड्याळं बाबांच्या टेबलावर यायला लागली, आणि चार महिन्यांत समोरच्याला पट्टे आणि बॅटऱ्या बदलायला काउंटरवर बसवलं. हाताची थरथर केव्हाच थांबली होती, पण कुणी त्याला घड्याळ उघडू देईल तर ना! बाबा दोनदा मालकाकडे रदबदली करायला गेले. "बघू," म्हणाला मालक. निवृत्त होईपर्यंत समोरचा पट्टेच बदलत राहिला.

"खोटं तर नाही ना बोललात?" मी म्हटलं होतं. पण आम्ही ज्यू, आणि आमच्यात इथंच गोची आहे. खोटी बदनामी पाप आहेच. पण कुणाचं खरं उणं उगाच चारचौघांत काढणं, हेही पापच. माझ्या ऑफिसात हा नियम लावला तर जेवणाच्या सुट्टीत सगळे मुक्यानं डबे खातील. दुसरी गोची याहून मोठी. वर्षातल्या मोठ्या उपासाला देव माफ करतो, पण फक्त त्याच्याशी केलेली आगळीक. माणसाचं वाईट केलं असेल तर आधी त्या माणसाच्या दारात जायचं, तिथं वशिला चालत नाही. तो नाही म्हणाला तर सोबत माणसं घेऊन पुन्हा जायचं. असं तीनदा. तिसऱ्यांदाही नाही म्हणाला की मागणारा सुटला, आणि दोष नाही म्हणणाऱ्याच्या माथी.

पहिल्यांदा बाबा एकटे गेले. "माझं टेबल घेऊन आलायस का?" समोरच्यानं दारातच विचारलं. दुसऱ्या वर्षी मामाला बरोबर नेलं. समोरच्यानं मामाला चहा दिला, बाबांना दिला नाही, आणि "नाही" म्हणाला.

तिसऱ्यांदा बाबा गेलेच नाहीत. दर वर्षी उपासाच्या आधी बूट घालायचे, खुर्चीवर बसून राहायचे आणि काढून ठेवायचे. मी चिडायचे. "जा आणि मोकळे व्हा एकदाचे!"

"तो नाही म्हणाला तर मी मोकळा होईन गं. पण मग पाप त्याच्या डोक्यावर जाईल. माझ्या जिभेनं त्याचं टेबल घेतलं, आता देवापुढंही त्यालाच उभा करू? थांबू अजून जरा. मऊ होईल तो."

अशी नऊ वर्षं गेली. अतिशहाणपणा म्हणतात तो हाच, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं, आणि आठवलं की रडूही येतं.

मग एकदा समोरच्याची सून मला बाजारात भेटली. म्हणाली, सासरे हल्ली माणसं ओळखत नाहीत. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. ते ताटावरून उठले. मीही बरोबर निघाले.

सुनेनं दार उघडलं. "या काका," म्हणाली. समोरचा खिडकीशी बसला होता, दाढी नीट केलेली, मांडीवर घडी घातलेला टॉवेल.

"बसा ना," तो बाबांना म्हणाला. "तुम्ही कुठून आलात?"

बावीस वर्षं अरे-तुरे करणारा माणूस 'तुम्ही' म्हणाला. बाबांचा चेहरा पडला. तरी ते पुढं सरकून बसले.

"मी तुझा अपराधी आहे. मला माफ कर."

"केलं की!" समोरचा हसून म्हणाला. "केलं, केलं."

मला हायसं वाटलं. मी पर्ससुद्धा उचलली. बाबा जागचे हलले नाहीत. "कशाबद्दल ते तरी ऐक," म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. चहा, भूकंप, मिनिटकाटा, मालक, पट्टे. स्वतःची बाजू जराही सावरली नाही. समोरचा मान पुढं काढून ऐकत होता, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसा.

"आणि तो माणूस? हसला तो?"

"हसला."

"सगळ्यांसमोर काय करणार बिचारा." त्यानं मांडीवरचा टॉवेल सारखा केला. "मग केलं का त्यानं माफ?"

"दोनदा गेलो होतो. नाही म्हणाला."

"बरोबर आहे त्याचं."

बाबांनी मान खाली घातली. समोरच्याला त्यांची दया आली असावी. त्यानं त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

"पण तुम्ही अजून एकदा जा. चांगला दिसतोय माणूस. जा, घरीच असेल."

"जातो," बाबा म्हणाले.

जिन्यात मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "झालं बाबा. तीनदा जाऊन झालं. शिवाय त्यांनी माफही केलं. आता तरी सुटलात."

बाबा कठड्याला धरून एका पायरीवर थांबले.

"तो घरी नव्हता गं," म्हणाले.